मी हो म्हटलं होतं

आमच्या कामोठ्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघाचा दरवर्षी एक छोटा अंक निघतो. पाककृती, प्रवासवर्णनं, नातवंडांच्या कविता, गुडघेदुखीवरचे उपाय, असं सगळं त्यात असतं. यंदा संपादकांनी एक विषय ठरवून दिला: कठीण प्रसंगात माणसाची तत्त्वं ताठ राहावीत की थोडी वाकावीत. माझ्याकडे आले तेव्हा म्हणाले, "यावर तुम्हीच लिहायचं. सोसायटीत स्वतःच्या मुलाच्या गाडीला दंड लावणारा सेक्रेटरी मी तरी दुसरा पाहिला नाही."

मला बरं वाटलं, हे कबूल करतो. त्याच दुपारी बसून दोन पानं लिहिलीसुद्धा. तळोज्याच्या कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज होतो तेव्हा दिवाळीला कंत्राटदारांनी आणलेले मिठाईचे पुडे मी गेटवरूनच कसे परत पाठवायचो, तीन मिनिटं उशिरा आलेल्याचा अर्धा दिवस कसा कापायचो, वगैरे. तिसऱ्या पानावर मला नावड्याच्या एका फिटरबद्दल लिहायचं होतं, नेहमी सांगतो तसंच. विनापरवाना काम केल्यावर काय होतं त्याचं उदाहरण म्हणून. पहिलं वाक्य लिहिलं आणि पुढे हात चालेना. कारण ते वाक्य खोटं आहे आणि ते मूळचं माझंच आहे.

ती दोन पानं मी फाडली. आता जे लिहितो आहे ते संपादकांना चालो न चालो.

आधी नियम सांगतो, म्हणजे नेमकं काय मोडलं ते कळेल. रंगांना लागणारी रसायनं आम्ही बनवायचो. प्लांटमध्ये कुठलाही पंप किंवा पाइप उघडायचा असेल तर फिटरने आधी शिफ्ट इन्चार्जकडे यायचं. इन्चार्जने स्वतः जागेवर जाऊन व्हॉल्व्ह बंद आहेत, लाइन रिकामी आहे, हे डोळ्यांनी बघायचं आणि मग परमिटच्या कागदावर सही करायची. ती सही झाल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. बऱ्याच ठिकाणी इन्चार्ज लोक सकाळीच दहा-बारा कोऱ्या परमिटांवर सह्या करून गठ्ठा फिटरांकडे देऊन टाकत. मी तसं कधीच केलं नाही. भर उन्हात चार मजले चढून व्हॉल्व्ह बघून यायचो. मला त्याचा अभिमान होता आणि तो खोटा नव्हता.

तसाच दुसरा प्रसंग. आमच्याकडे दर तासाला तापमान आणि दाब वहीत लिहायचे असत. एका ऑपरेटरने एकदा पुढच्या दोन तासांचे आकडे आधीच लिहून ठेवले आणि तो घरी गेला. त्याच्या आईला दम लागला होता, शेजाऱ्याचा फोन आला होता. दोन तासांत तो परत आला. मी त्याला तीन दिवस निलंबित केलं. तो म्हणाला, "साहेब, तुमची आई असती तर?" मी म्हणालो, "मी कुणाला तरी सांगून गेलो असतो." उत्तर बरोबर होतं. पण कुणाला सांगायचं? तो मला सांगायला आला होता आणि मी त्या वेळी साफ नाही म्हटलं होतं, हे मात्र निलंबित करताना मी विसरून गेलो.

आता तो दिवस.

बाहेरून एका मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं प्लांट बघायला आली होती. मी आणि आमचे मॅनेजर त्यांच्यासोबत मीटिंगच्या खोलीत होतो. एसी, काजूची बशी, पडद्यावर आकृत्या. साडेअकराच्या सुमारास खोलीतला इंटरकॉम वाजला. फिटरचा फोन. कॉस्टिकचा पंप गळत होता, ते मला सकाळपासून माहीत होतं. कॉस्टिक म्हणजे असं द्रावण की कातडीवर पडलं तर साबणासारखं बुळबुळीत लागतं आणि तोवर मांस जाळायला लागलेलं असतं.

तो म्हणाला, "सायब, पंप खोलायचाय. तुमी येताव बघायला?"

मी म्हणालो, "आधीच्या शिफ्टने लाइन रिकामी केलीय ना?"

"त्यांच्या वहीत तसा लिवलाय."

"मग कर सुरू. मी इथून सुटलो की परमिट देतो."

"बरा. जेवनाच्या आत उरकतो."

मी फोन ठेवला आणि काजू घेतला. काजूचं मला स्पष्ट आठवतं.

लाइन रिकामी नव्हती. त्याने जोडावरचा तिसरा बोल्ट सैल केला आणि आत अडकलेला दाब एकदम बाहेर आला. संरक्षक चष्मा लावलेला होता, पण धार खालून आत शिरली. अंगावरचं द्रावण धुवायला शॉवरखाली त्याला धरून ठेवायला चार माणसं लागली. डावा डोळा गेला. तेव्हा त्याचं वय पस्तिशीचं असेल. घरी बायको आणि पाच वर्षांचा मुलगा.

इथून पुढचं मी आजवर दोन प्रकारे सांगत आलो. लोकांना सांगायची हकीकत अशी की, त्याने कुणाला न विचारता काम सुरू केलं. आणि स्वतःला सांगायची हकीकत अशी की, मॅनेजरने मला कोपऱ्यात घेतलं, परमिट नव्हतं हे बाहेर गेलं तर प्लांटला टाळं लागेल, दोन-अडीचशे माणसं घरी बसतील, असं सांगितलं आणि मी नाइलाजाने वाकलो. ही दुसरी हकीकत मला फार उपयोगी पडली. तिच्यात मी वाईट नव्हतो, फक्त कठीण प्रसंगात सापडलेला होतो.

पण तसंही झालं नव्हतं. आता लिहायचंच तर पुरतं लिहितो. ॲम्ब्युलन्स गेल्यावर मॅनेजरने मला व्हरांड्यात एवढंच विचारलं, "परमिट होतं का?" आणि मी म्हणालो, "त्याने मला विचारलंच नाही." बस्स. कुणी धाक घातला नव्हता, कुणी सुचवलंही नव्हतं. ते वाक्य माझ्या तोंडात आपोआप तयार होतं. इंटरकॉमवरचं बोलणं मॅनेजरांनी ऐकलं असणार, ते तीन खुर्च्या सोडून बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मग तसं लिहा." टाळं, अडीचशे माणसं, हे सगळं मी घरी गेल्यावर दोन-तीन दिवसांत जमवलं. त्या व्हरांड्यात मला फक्त माझी नोकरी दिसत होती.

अपघात अहवालात मी लिहिलं: 'कामगाराने परवानगी न घेता काम सुरू केले.' अक्षर चांगलं आलं होतं.

पुढचं याहून वाईट आहे. फिटरला कंपनीने काढलं नाही. स्टोअरमध्ये हलकं काम दिलं. पण एक अट होती. दरवर्षी मार्चमध्ये सुरक्षा सप्ताह असायचा, नव्या मुलांचं प्रशिक्षण असायचं. तिथे त्याने उभं राहून आपल्या अपघाताबद्दल सांगायचं. प्रशिक्षण मी घ्यायचो. त्याला काय बोलायचं ते मी एका कार्डावर लिहून दिलं. पहिल्या वर्षी कार्ड हातात घेऊन त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलेल. मी तयारीही ठेवली होती, काय उत्तर द्यायचं त्याची. तो काळा चष्मा लावून पुढे गेला आणि वाचलं, "मी परवानगी न घेता पंप खोलला. माझी चूक. तुमी असा करू नका." टाळ्या झाल्या. त्याला स्टीलचा डबा बक्षीस दिला.

मी निवृत्त होईपर्यंत सात वर्षं हे चाललं. तिसऱ्या वर्षापासून त्याला कार्ड लागेना. पुढे तो स्वतःच्या भाषेत रंगवून सांगू लागला, मुलं हसायची, घाबरायची. "अंगात मस्ती होती माज्या. सायब वर बसलाय, त्याला कशाला तरास द्यायचा, असा बोललू नि घातला पाना." मी मागे उभा राहून ऐकायचो. एकदा मनात आलं, हा चांगला बोलतो. त्यातच मला समाधान वाटलं होतं, हेही लिहून ठेवतो.

कारखाना पुढे बंद पडला. मॅनेजर वारले. माझी बायकोही तीन वर्षांपूर्वी गेली, तिला मी हे कधी सांगितलं नाही. ती दोन पानं फाडल्यावर मी पहिल्यांदा मुलाला सांगितलं. तो लॅपटॉपवरून मान वर न करता ऐकत होता, मग लॅपटॉप मिटला.

"बाबा, आता कशाला? फॅक्टरीच नाही राहिली."

"तो माणूस आहे ना."

"त्याला तर माहीतच आहे. तुम्ही नवीन काय सांगणार? आणि उद्या कोणी केस टाकली तर? या वयात कोर्टात जाणार?"

"टाकू दे."

"तुम्ही एरवी दुसऱ्यांना सांगता ना, नियमात माणुसकी पण हवी. मग स्वतःला जरा सूट द्या की."

"मी कधी सांगितलं तसं?"

तो हसला. "नाही सांगितलं. बरोबर आहे. तुम्ही कधीच कोणाला सूट दिली नाही."

तो चिडवायला बोलला असेल, पण मला तिथेच कळलं. मी कुणाला सूट दिली नव्हती असं नाही. एकाला दिली होती. ऑपरेटरला आईसाठी दोन तास दिले नाहीत आणि स्वतःला बावीस वर्षं दिली. ताठ की लवचिक, हा प्रश्न मी कधी तत्त्वासाठी सोडवलाच नव्हता. किंमत दुसऱ्याने भरायची असेल तेव्हा ताठ, मला भरायची असेल तेव्हा लवचिक. मी म्हणालो, "रविवारी मी नावड्याला जातोय." मुलगा म्हणाला, "मी सोडतो." मी नको म्हटलं. रिक्षाने गेलो.

त्याचं घर सापडायला वेळ लागला. तिथे आता चार मजली इमारत आहे, खालचे मजले तळोज्यात कामाला येणाऱ्यांना भाड्याने दिलेले. तो वर राहतो. दार त्याच्या बायकोने उघडलं. तिने मला ओळखलं नाही, पण आतून त्याने आवाजावरून ओळखलं.

"कोन? सायब? तुमी? अगं, आपलं सायब हाईत! चाय ठेव." तो उठून उभाच राहिला. केस पांढरे झाले होते. "किती वर्सांनी! तब्येत बरी हाय ना? जिना चढून आलाव, लिफ्टचा काम अजून झाला नाय. पोरगा बोलतो करतो, करतो."

"मुलगा कुठे असतो?"

"उरनला, कंटेनर यार्डात. क्रेनवर हाय. चांगला चाललाय त्याचा." मग हसत म्हणाला, "रोज सकाली फोन करतंय मी त्याला. बोलतंय, पोरा, इचारल्याशिवाय कशाला हात लावू नको. बापासारखा करू नको. तो बोलतो, बस झाला आता, पाठ झाला मना."

मी बसलो नाही. बसलो असतो तर चहा आला असता, गप्पा सुरू झाल्या असत्या, आणि मला माझी ओळख आहे. आयुष्यभर मी त्याला अरे-तुरे केलं होतं. त्या दिवशी तोंडातून वेगळंच निघालं.

"तुम्ही विचारलं होतं," मी म्हणालो.

"काय?"

"पंप उघडायच्या आधी. तुम्ही मला इंटरकॉमवर फोन केला होता. मी हो म्हटलं होतं. बघायला न येता. अहवालात मी खोटं लिहिलं."

मला वाटलं होतं तो चिडेल. शिव्या देईल, रडेल, बाहेर काढेल. यातल्या कशालाही मी तयार होतो. त्याने माझ्याकडे काळजीने पाहिलं.

"नाय सायब," तो हळूच म्हणाला. "तुमाला आता वय झाला, गल्लत होते. मी इचारलाच नव्हता. माजीच मस्ती होती ती. तुमी कशाला मनाला लावून घेताव?"

त्याला खरंच तसं वाटत होतं. माझ्या मुलाचं म्हणणं चुकलं होतं. या माणसाला काहीच माहीत नव्हतं. मी लिहून दिलेलं कार्ड त्याने इतक्या वेळा म्हटलं होतं की खाली जे होतं ते पुसून गेलं होतं. डोळा गेला तो अपघातात. ही आठवण मात्र मी काढून घेतली होती, दरवर्षी थोडी थोडी, टाळ्यांमध्ये.

मी म्हणालो, "साडेअकरा वाजले होते. तुम्ही म्हणालात, सायब, पंप खोलायचाय, तुमी येताव बघायला? मी विचारलं लाइन रिकामी आहे का. तुम्ही म्हणालात, त्यांच्या वहीत तसं लिहिलंय. मी म्हणालो, कर सुरू. तुम्ही म्हणालात, जेवणाच्या आत उरकतो."

 स्वयंपाकघराच्या दारातून त्याची बायको पुढे आली. हातात सांडशी तशीच.

"पैल्या दिवशी हेच बोललं होतं," ती म्हणाली. "दवाखान्यात. पट्टी होती दोनी डोल्यांवर. बोललं, मी सायबाला इचारून केला. मी माज्या कानानी ऐकला." मग ती नवऱ्याकडे वळली. "नि मंग तुमीच बोललाव, नाय, माजी चूक. मना वाटला, पैला बोललाव ता गुंगीत बोललाव."

"मी बोललू होतो?" त्याने तिला विचारलं. "तसा?"

"बोललं होतं." तिचा आवाज चढला. "नि मी काय केला? एवरी वर्सं जेवताना, उठता-बसता, पोराच्या समोर, सासूच्या समोर, तुमाला बोलत रायली. अक्कल नाय, इचारायला काय जात होता, तोंडात काय होता. वर्साला डबा घेऊन यायचं नि मी बोलायची, आनला मूर्खपनाचा बक्षीस." ती माझ्याकडे वळली. "सायब, तुमी मना ह्यांच्याशी भांडायला लावला. माज्या तोंडून."

"हो," मी म्हणालो.

"नुसता हो?"

"दुसरं काही बोलण्यासारखं माझ्याकडे नाही. माफी मागायला मी आलोय, पण ती द्यायचीच असं काही नाही."

"नायच देनार," ती म्हणाली आणि आत जाऊन तिने गॅस बंद केला. चहा झाला नाही. मला ते योग्य वाटलं.

मी खिशातून कागद काढला. घरूनच लिहून आणला होता: त्या दिवशी काय झालं, कोण काय बोललं, अहवालातलं वाक्य खोटं कसं. खाली माझं पूर्ण नाव, तेव्हाचा हुद्दा, आताचा पत्ता, सही. सोसायटीतल्या दोघांच्या साक्षीच्या सह्या. मी म्हणालो, "हा तुमच्याकडे ठेवा. याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. कुणाला दाखवायचा असेल तर दाखवा. वकिलाकडे न्यायचा असेल तर न्या, मी येईन. आमच्या संघाच्या अंकातही हे छापून येईल. नाही छापलं तर मी स्वतः छापून तुमच्या गावात वाटीन. जुन्या लोकांपैकी जे जे तुमचं भाषण ऐकायला बसले होते, त्यांची यादी मी करतोय. प्रत्येकाला स्वतः सांगणार आहे."

त्याने कागद घेतला. उजव्या डोळ्याजवळ धरून सावकाश वाचला. दोनदा वाचला. मग घडी न घालता मांडीवर ठेवला आणि बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला. मला वाटतं तो ते आठवायचा प्रयत्न करत होता.

"मना आठवत नाय, सायब," शेवटी तो म्हणाला. "तुमी सांगताव, ही सांगते, पन मना आठवत नाय. मना आठवतो तो मी न इचारता पाना घालतंय. दिसतो मना."

"ते मी घातलंय तुमच्या डोक्यात."

"मंग आता खरा कसा आठवायचा?"

त्याने मांडीवरचा कागद पुन्हा उचलला.   मग म्हणाला, "म्हंजे मी बरोबर केला होता. कामाच्या पद्धतीनी."

"तुम्ही बरोबर केलं होतं. विचारलं होतं. चूक माझी."

"आनकी एकदा बोला."

मी पुन्हा बोललो. या वेळी त्याच्या डोळ्याकडे बघून.

तेवढ्यात त्याची बायको आतून मोबाइल घेऊन आली. तिने नंबर लावला होता, स्पीकर चालू होता. पलीकडे यार्डातल्या गाड्यांचा आवाज येत होता, आणि एका तरुण माणसाचा: "काय गं आई, आता? मी ड्युटीवर हाय."

"पाच मिंट थांब. बाजूला हो जरा," ती म्हणाली. "तुज्या बापाबद्दल एकजन काय सांगतोय ता ऐक." आणि तिने फोन माझ्यापुढे धरला. "सांगा. मना सांगितलाव तसाच. कायपन सोरू नका."

मी आधी माझं नाव सांगितलं, मग हुद्दा. मग साडेअकरापासून सुरुवात केली.